रुपेरी पेटी, काळी पेटी

४ मार्च

डॉक्टरसाहेब,
नमस्कार.

मी फोरमनची धाकटी बहीण. आपण मला दोनदा पाहिलं आहे, पण दोन्ही वेळा मी चहा ठेवून आत गेले, त्यामुळे आठवत नसेन. दादा डिसेंबरात गेला. ते तुम्हाला तुमच्या श्रवणमंडळाकडून कळलंच असेल.

परवा तुमच्या दवाखान्यात फोन केला होता. तुम्ही म्हणालात की असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, फोन आवाजाचा चोथा करतो, पत्र लिहा. म्हणून लिहिते आहे.

दादाची खोली एप्रिलअखेर रिकामी करून द्यायची आहे. माझ्या घरी त्याचे स्पीकर आणि अॅम्प्लिफायर कसेबसे मावतील. राहिल्या तीन पेट्या, ज्यांना तुम्ही लोक डॅक म्हणता. एक रुपेरी, एक काळी आणि एक बोटाएवढी. मला समजलं ते असं, की तिघींचं काम एकच. संगणकात किंवा तबकडीवर गाणं आकड्यांच्या रूपात असतं, ते घेऊन त्याचा पुन्हा आवाज करायचा. मला एकच ठेवायची आहे. कुठली ठेवू?

दादा रविवारी सकाळी दहाला ऐकायला बसायचा. मीही बसणार आहे. गाण्यातलं मला काही कळत नाही, पण ती वेळ तशीच जाऊ द्यायची नाही, एवढं ठरवलं आहे.

तुमचं आणि दादाचं चार वर्षं बोलणं नव्हतं, हे मला माहीत आहे. का, ते मी विचारत नाही. उत्तर एका ओळीत दिलंत तरी चालेल. मलाही खोलीत बरीच कामं आहेत. शेजारच्या बाईंची तक्रार आहे की भिंतीपलीकडून सारखी चिवचिव ऐकू येते, तेही बघायचं आहे.

आपली,
फोरमनची बहीण


९ मार्च

आदरणीय ताई,

फोरमन गेला हे ऐकून वाईट वाटलं. माणूस हट्टी होता, पण त्याच्या स्पीकरची मांडणी निर्दोष होती. असं मी सगळ्यांबद्दल म्हणत नाही.

एका ओळीत उत्तर मागता? ताई, कुणी दवाखान्यात येऊन म्हणालं की डॉक्टर, एका ओळीत सांगा, कुठला दात ठेवू, तर मी काय सांगू?

डॅक म्हणजे दुभाषा. एका बाजूला संगणक, त्याला फक्त आकडे बोलता येतात. दुसऱ्या बाजूला आपण, आपल्याला फक्त आवाज कळतो. मध्ये हा उभा. आता दुभाषे दोन प्रकारचे असतात. एक शब्दाला शब्द ठेवतो आणि पगार घेऊन घरी जातो. तुमची काळी पेटी तसली. तिच्यातून व्हायोलिन ओठ मिटून हसतं. झांज वाजते, पण कर्तव्य म्हणून. रुपेरी पेटीची गोष्टच वेगळी. तिच्यातून झांज अशी येते, की स्वच्छ पाण्यात कुणी खडा टाकला आणि वर्तुळं उजवीकडे सरकत गेली. मागे शांतता, गडद, घट्ट, मखमली. बोटाएवढीबद्दल मी लिहिणार नाही. तिला कीचेन लावा.

माझे गेल्या सहा वर्षांतले लेख मंडळाच्या अंकांत आहेत. फोरमनकडे सगळे अंक असतील, टाकले नसतील तर.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते सांगतो. चार वर्षांपूर्वी फोरमनने माझी चाचणी घेतली. मी त्याच्या खोलीत, पाठ करून. तो कपाटामागे. दहा वेळा खटका फिरवायचा, कधी काळी, कधी रुपेरी, आणि मी ओळखायचं. मी दहाच्या दहा वेळा छातीठोक सांगितलं: सहा वेळा रुपेरी, चार वेळा काळी. शेवटी बाहेर आला तेव्हा याचा चेहरा पडलेला. उत्तरांचा कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणतो कसा, "चाचणी बिघडली, डॉक्टर. चहा घेऊ." बिघडली कसली? मी अचूक ओळखलं आणि त्याची लाडकी काळी हरली होती! मी म्हटलं, "फोरमन, हा रडीचा डाव झाला. कागद दाखव." नाही दाखवला. मी म्हटलं, माफी मागितल्याशिवाय या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. आणि नाही ठेवला.

तो कागद कुठे असेल, तुम्हाला कल्पना आहे का? मेच्या अंकात मी फोरमनवर स्मरणलेख लिहितो आहे. संपादक या नात्याने आणि मित्र या नात्यानेही. मित्राबद्दल लिहिताना खरं तेच लिहावं, असं माझं मत आहे.

आपला,
डॉक्टर
(दातांचा पदवीने, कानांचा जन्मजात)


१५ मार्च

डॉक्टरसाहेब,
नमस्कार.

पत्र मिळालं. चार पानं होती. रुपेरी ठेवा, एवढा अर्थ मी काढला.

तरी काही शंका आहेत. व्हायोलिन ओठ मिटून हसतं, असं तुम्ही लिहिलंत. मी काळ्या पेटीवर व्हायोलिनची एक तबकडी तीनदा ऐकली. कुणी हसलं नाही. मग रुपेरीवर ऐकली. पाण्यात खडा पडला नाही. अर्थात मी रुग्णालयात कान तपासण्याचं काम करते, तिथे आम्हाला एवढी सोय नसते. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. आला तर आला, नाही तर नाही. मखमलीचा रकाना आमच्या फॉर्मवर नाही.

तुमचे अंक दादाने टाकलेले नाहीत. सगळे क्रमाने लावलेले आहेत. तुमच्या लेखांच्या कडेला त्याने पेन्सिलने आकडे लिहिले आहेत: २.१४, ३.४०, ७.०५. गाण्यातली मिनिटं-सेकंद असावीत. जिथे तुम्ही झांजेबद्दल लिहिलं आहे तिथे हमखास. बहुतेक तो तुमच्या चुका काढत असावा. छापखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

कागदाचं म्हणाल, तर खोलीत कागदच कागद आहेत. सापडला तर बघू.

एक विनंती आहे. दादा हरला आणि रडीचा डाव खेळला, हे स्मरणलेखात लिहू नका. मंडळातली अकरा माणसं सोडली तर दादाला ओळखणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. त्या अकरा जणांना तो असा आठवू नये. त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

पेट्यांचं तुम्हीच येऊन सांगा. तिन्ही जोडून ठेवते. खटका तुम्ही फिरवा. रविवारी सकाळी दहाला. माफी मागायला दादा नाही, त्यामुळे उंबऱ्याची अट आता सुटली असं धरते.

आपली,
फोरमनची बहीण


२४ मार्च

आदरणीय ताई,

रविवारच्या चहाबद्दल आभारी आहे. तुम्ही दाराजवळ स्टुलावर वही घेऊन बसला होतात, त्यामुळे परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. मध्ये मध्ये वहीत रेघा काय मारत होतात? असो.

निकाल सांगतो. मी पहिल्यांदा काळी लावली आणि दहा सेकंदांत मान हलवली. तुम्ही पाहिलंत. मग खटका रुपेरीवर नेला आणि खोलीची खिडकी कुणी पुसून काढावी तसं झालं! झांज आली ती थेट छताखाली. आणि दोन सुरांमधली ती शांतता! ताई, मी तीस वर्षं ऐकतो आहे. एवढी निखळ शांतता मी कुठल्याच खोलीत ऐकली नाही. टाचणी पडली असती तर मला तिचं टोक कुठल्या बाजूला आहे ते सांगता आलं असतं. सत्तर मिनिटं एवढासाही आवाज त्या शांततेला शिवला नाही. रुपेरी ठेवा. प्रश्न मिटला.

निघताना कपाटातले अंक मी चाळले. पेन्सिलचे आकडे पाहिले. म्हणजे माझ्यावर पाळत ठेवून होता तर! समोर येऊन वाद घालायची हिंमत नाही आणि मागे बसून सेकंद मोजतो. हे पाहिल्यावर लेखातली माझी उरलीसुरली भीड गेली. मजकूर कळवतो, म्हणजे नंतर गैरसमज नको:

"फोरमन उत्तम तंत्रज्ञ होता. पण संगीत ऐकायला कानांबरोबर मनही मोठं लागतं. डोळे झाकून घेतलेल्या एका चाचणीत त्याची आवडती पेटी हरली, तेव्हा त्याने निकालाचा कागद खिशात घातला. तो कागद त्याच्याबरोबरच गेला. मित्रा, हार मानली असतीस तर आणखी चार वर्षं एकत्र ऐकलं असतं."

शेवटचं वाक्य लिहिताना माझे डोळे भरून आले.

आपला,
डॉक्टर


२८ मार्च

डॉक्टरसाहेब,

वहीतल्या रेघांबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर आधी देते.

दादाच्या खोलीत छताला धुराचा इशारा देणारा डबा आहे. त्याची बॅटरी संपत आली की तो दर चाळीस सेकंदांनी चिवचिवतो. बारीक, टोकदार आवाज. शेजारच्या बाईंची तक्रार त्याचीच; ती मी तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहिली होती. रविवारी नवी बॅटरी माझ्या पर्समध्ये होती. तुम्ही येण्याआधी बदलायची राहिली, म्हटलं तुम्ही बसलात की बदलते. तुम्ही बसलात. डबा तुमच्या डोक्यावर चिवचिवला. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "वा! काय शांतता आहे!" मग मी बॅटरी पर्समध्येच ठेवली आणि रेघा मारायला लागले. एकशे पाच झाल्या.

तीस वर्षं दातांच्या ड्रिलशेजारी कान ठेवल्यावर असं होतं. आमच्याकडे तुमच्या धंद्यातली बरीच माणसं येतात. मी तुम्हाला हसत नाही. म्हणजे रविवारी थोडी हसले.

आता कागद. तो मला डिसेंबरातच सापडला होता, दादाच्या पाकिटात. मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. प्रत सोबत जोडली आहे. दादाचं अक्षर तुम्ही ओळखाल.

तो वाचायचा कसा, ते सांगते. कान तपासताना आमची एक पद्धत असते. काही माणसांना नापास व्हायची भीती वाटते, ती आवाज नसतानाही बटण दाबतात. म्हणून आम्ही मधूनच आवाज न पाठवता नुसतं थांबतो. कोण खोटं बटण दाबतं ते कळतं. हे मी दादाला कधीतरी जेवताना सांगितलं होतं. त्याने ते तुमच्यावर केलं. कपाटामागे खटका दर वेळी पुढे नेला आणि परत आणला. दहाही वेळा काळीच वाजत होती. तुम्ही सहा वेळा तिलाच रुपेरी म्हणालात आणि पाण्यातल्या खड्याचं वर्णन केलंत.

चाचणी बिघडली, असं दादा तुम्हाला म्हणाला. ते खोटं होतं. चाचणी उत्तम झाली होती. तुम्हाला अकरा जणांत तोंडघशी पाडायचं नाही म्हणून त्याने कागद खिशात घातला, आणि चार वर्षं तुमच्याकडून रडका म्हणवून घेतलं.

मनाच्या मोठेपणाबद्दल तुम्ही लिहिणारच आहात, तर हेही लिहा. प्रत छापायला माझी हरकत नाही.

फोरमनची बहीण


१० एप्रिल

ताई,

लेख मागे घेतला. मेच्या अंकात फोरमनचा फोटो आणि तारखा जातील. संपादकपद सोडलं आहे. प्रकृतीचं कारण दिलं.

तुमच्याच रुग्णालयात जाऊन कान तपासून घेतले. तुमच्या सुट्टीच्या दिवशी गेलो, मुद्दाम. तपासणाऱ्या मुलीने कागदावर माझ्या ऐकण्याची रेघ काढून दिली. डावीकडे, जाड आवाजांकडे, ठीक आहे, मग एकदम खाली. मी विचारलं, "या खड्ड्यात काय काय पडलं?" ती म्हणाली, "झांजा, पक्षी, बायकांच्या बोलण्यातली टोकं." मी दोनदा बटण दाबलं तेव्हा आवाज नव्हता म्हणे. तिने ते तारीख टाकून लिहून ठेवलं.

माझ्या पेट्या काढून टाकतो आहे. तुम्ही कुठलीही ठेवा. फरक नाही.

एकच गोष्ट सोसत नाही. तो मला चार वर्षं हसत असणार. एकट्याने, माझे अंक पुढ्यात घेऊन. हसला असता तोंडावर तर बरं झालं असतं.

डॉक्टर


१४ एप्रिल

डॉक्टरसाहेब,
नमस्कार.

तुमचं पत्र दोन दिवस टेबलावर ठेवलं होतं. आता लिहिते.

कागदाला दोन बाजू आहेत. मी तुम्हाला एकाच बाजूची प्रत पाठवली. मागची मुद्दाम पाठवली नाही. तुमच्या लेखाचा राग आला होता, आणि तिथे जे आहे ते मला एकटीलाच ठेवायचं होतं. आता ते जवळ ठेवून पुन्हा पुन्हा वाचायची माझी हिंमत होत नाही, म्हणून मूळ कागदच पाठवते आहे. पण टपालाचा भरवसा नाही, तेव्हा उतरवूनही देते:

"दहाही वेळा काळीच. डॉक्टरला कळू द्यायचं नाही. धाकटीने रेघ काढून दिली आहे, चार हजार हर्ट्झच्या पुढे, बारीक आवाजांत, मला काही नाही. रेघ खरी आहे, ती खोटं बोलत नाही. पण डॉक्टर म्हणतो की आता झांज आली, पाण्यात खडा पडल्यासारखी, उजवीकडे गेली, तेव्हा मला ती येते. तो थापा मारतो का, याच्याशी मला कर्तव्य नाही. त्याला हे समजलं तर तो गप्प बसेल. मग मी काय ऐकायचं?"

रेघ मी काढली होती. तुमची चाचणी व्हायच्या दीड वर्ष आधी. तीस वर्षं छपाईच्या यंत्रांमध्ये उभं राहिलेला माणूस, मला नवल वाटलं नाही. तपासणी झाल्यावर दादाने विचारलं, "म्हणजे झांजा गेल्या?" मी म्हटलं, "गेल्या." एवढंच. पुढचा रुग्ण बाहेर बसला होता. दादा कागद घडी करून उठला. त्या महिन्यात त्याने तुम्हाला पहिल्यांदा रविवारी घरी बोलावलं. या दोन गोष्टींचा संबंध मला आता लागतो आहे.

तुम्ही गप्प बसू नये म्हणून त्याने कागद लपवला, आणि तुम्ही गप्प बसलातच. वेगळ्या कारणाने. त्यानंतर चार वर्षं तो काय करायचा ते मी पाहिलं आहे आणि मला कळलं नाही. अंक मांडीवर उघडा, तबकडी चालू, बोट तुमच्या ओळीवर आणि डोळे घड्याळावर. २.१४ झाले की तो ओळ वाचायचा. मी तुम्हाला लिहिलं की तो चुका काढत असावा. तुम्हाला वाटलं पाळत ठेवत होता. आपण दोघांनीही चुकीचं बटण दाबलं.

मग परवा मी ते आकडे लावून पाहिले. तुमचा लेख, २.१४. तिथे झांज खरंच आहे. ३.४०, ७.०५, सगळीकडे आहे. तुमची रेघ पाहता तुम्हालाही ती ऐकू येत नसणार. तुम्ही ती कुठून आणत होतात, ते तुम्हालाच ठाऊक. आमच्याकडे यासाठीही रकाना नाही.

माझे कान दर वर्षी तपासले जातात, नोकरीचा नियम आहे. माझी रेघ सरळ आहे. २.१४ ची झांज मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू येते. परवापासून चारदा ऐकली. ऐकू येते, आणि संपते. तिचं पुढे काय करायचं ते मला कळत नाही.

खोली तीस तारखेला द्यायची आहे, तेव्हा दादाच्या खोलीत दोनच रविवार उरले आहेत. येत्या रविवारी दहाला या. तुमच्या पेट्या इतक्यात कुणाला देऊ नका. डब्याची बॅटरी मी बदलली आहे, त्यामुळे या वेळी शांतता खरी असेल. मी बोटाएवढी पेटी जोडून ठेवते. मला तिघींत काही फरक वाटला नाही आणि ती जागा कमी घेते. तुम्ही फक्त खुर्चीत बसा आणि बोला. मी रेघा मारणार नाही.

आपली,
फोरमनची बहीण


१७ एप्रिल

ताई,

बोटाएवढी? एवढ्या शिकलेल्या बाई तुम्ही, आणि ही अक्कल?

रुपेरी जोडून ठेवा. दहाला येतो.

डॉक्टर